पावसातली पेटी

आमच्याकडं सोलापुरात पाणी रात्री येतं. चार दिवसांनी, कधी पाच दिवसांनी, आणि आलं की तास-दीड तास. म्हणून पाण्याच्या रात्री घरातलं कोणीतरी जागं राहतं. बाळीवेशीतल्या आमच्या गल्लीत अशा रात्री दोन-अडीचलासुद्धा दिवे दिसतात. कुणी पायरीवर बसलेलं असतं, कुणी बादल्या लावून उभं. पाणी यायच्या आधी नळ हवा सोडतो. आधी फुस्स होतं, मग एक उचकी, मग धार. तो आवाज आम्हाला गाढ झोपेतही कळतो.

२६ जुलै २०२४ ची रात्र अशीच पाण्याची होती. पॅरिस ऑलिम्पिकचं उद्घाटन आपल्याकडं रात्री अकराला सुरू होणार होतं. मुलीनं मोबाईल टीव्हीला जोडून दिला आणि म्हणाली, "नाहीतरी जागंच राहायचंय, बघू या की." आप्पांना कॉटवरून उठवून खुर्चीत बसवलं. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन गेला, तेव्हापासून उजव्या हातात जोर नाही. झोप तर त्यांना तशीही कमीच. मिलमध्ये तिसऱ्या पाळीत काढलेली वर्षं त्यांच्या अंगातून अजून गेलेली नाहीत.

टीव्हीकडं बघता बघता आप्पांनी मला विचारलं, "दौंड किती?"

सोलापूरबाहेरच्या माणसाला हा प्रश्न कळायचा नाही. आमच्याकडं जुलैत दोन माणसं भेटली की क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसा दौंडचा विसर्ग विचारतात. पुण्याकडं पाऊस झाला, खडकवासल्यातून पाणी सोडलं, की ते मुठेतून भीमेत आणि दौंडवरून उजनीत येतं. उजनीत आलं की आम्ही जगलो. हे धरण ११७ टीएमसीचं, म्हणजे ११७ अब्ज घनफुटांचं, पण त्यातलं ६३ टीएमसीच्या वर नुसता मृतसाठा, म्हणजे वापराच्या हिशेबात न धरलेलं तळाचं पाणी. त्यामुळं उजनीचा आकडा शून्याच्या खालीही जातो. त्या उन्हाळ्यात तो उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेला होता. धरणाच्या पोटातल्या जुन्या वाड्यांच्या भिंती उघड्या पडल्या होत्या. आदल्याच दिवशी पुण्यात धो धो पाऊस झाला होता, तिकडं घरांत पाणी शिरलं होतं, माणसं हवालदिल झाली होती. आणि तेच पाणी दौंडकडं निघालंय म्हणून आम्ही इकडं आकडे मोजत होतो. त्यांचा पूर तो आमचा नळ. ही गोष्ट मला दरवर्षी थोडी लागते.

आमच्या आभाळात त्या रात्री नुसते ढग होते. खरा पाऊस पॅरिसमध्ये पडत होता.

उन्हाळी ऑलिम्पिकचं उद्घाटन पहिल्यांदाच स्टेडियमच्या बाहेर होत होतं. सेन नदीवर सुमारे सहा किलोमीटरच्या पट्ट्यात देशोदेशीचे खेळाडू बोटींतून येत होते. नदीत होड्या आणि काठावर माणसांची गर्दी म्हटल्यावर आप्पांना दुसरं काय आठवणार? आषाढी होऊन नऊच दिवस झाले होते. "चंद्रभागाच हाय ही," ते म्हणाले. आपली बोट आली, सिंधू आणि शरथ कमल झेंडा घेऊन उभे, तेव्हा मुलगी टाळ्या वाजवायला लागली आणि शेजारच्या घरातूनही टाळ्या ऐकू आल्या. म्हणजे तेही नळाची वाट बघत हेच बघत होते.

पाऊस वाढत गेला. लोक प्लॅस्टिकचे रेनकोट घालून बसले होते, नाचणाऱ्यांचे कपडे अंगाला चिकटले होते, कॅमेऱ्याच्या काचेवर थेंब येत होते आणि पुसले जात होते. समालोचक पुन्हा पुन्हा पावसाबद्दल हळहळत होते. इतक्या वर्षांची तयारी, आणि नेमका आजच. मलाही वाईट वाटलं, नाही असं नाही. पण वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात मी वाढलोय. पावसानं कार्यक्रम बिघडला असं वाक्य माझ्या तोंडून सहज निघत नाही. आमच्याकडं लग्नात पाऊस आला तर वऱ्हाडी मांडवाबाहेर जाऊन उभे राहतात.

मध्यरात्र उलटून गेली होती. बायको दोनदा खाली जाऊन नळ बघून आली होती. बोटी येतच होत्या. माझे डोळे जड व्हायला लागले. आणि मग अचानक पडद्यावरची गडबड थांबली.

एक तरुण माणूस पियानोवर बसला होता. उघड्यावर, भर पावसात. वर छत नाही, छत्री नाही. काळा भोर पियानो पाण्यानं चकाकत होता. कॅमेरा जवळ गेला तेव्हा पियानोच्या अंगावर थेंबच थेंब दिसले, मोठे, टपोरे, न ओघळता थांबलेले. केस कपाळाला चिकटलेले, कोटाचे खांदे भिजलेले. आणि बोटं अशी चालत होती की ती ओल्या पट्ट्यांवर घसरतील अशी भीती वाटावी. सूर वरच्या पट्टीतले, बारीक, एकात एक मिसळणारे. पत्र्यावर पाऊस सुरू होताना आधी दोन-चार थेंब वाजतात, मग त्यांची गिनती संपते आणि नुसता नाद उरतो, तसे.

आप्पा खुर्चीत पुढं सरकले. "अरे झाका की ते कोणीतरी!" ते मोठ्यानं म्हणाले. "पेटी भिजालीय बे त्याची!"

मुलगी हसली नाही. तिला तिच्या आज्जाचा आवाज कळतो. ती त्यांच्या खुर्चीच्या हातावर जाऊन बसली.

त्या माणसाचं नाव मला तेव्हा माहीत नव्हतं. तो काय वाजवतोय हेही नाही. पाश्चात्त्य संगीत आमच्या घरात कधी वाजलं नाही. दुसऱ्या दिवशी शोधलं तेव्हा कळलं. अलेक्झांद्र कांतोरोव्ह. वय सत्तावीस. २०१९ मध्ये मॉस्कोच्या चायकोव्हस्की स्पर्धेत पियानोत पहिला आला, आणि तिथं पियानोत पहिला येणारा तो पहिलाच फ्रेंच वादक. रचना मोरीस राव्हेलची, १९०१ सालची. राव्हेल तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. आणि रचनेचं नाव काय, तर 'पाण्याचे खेळ'. फ्रेंचमध्ये कारंज्यालाही हेच म्हणतात.

हे वाचलं तेव्हा मी दुकानात होतो, सुताच्या पेट्यांची यादी समोर होती, आणि मी ती बाजूला ठेवून दिली. कारंज्याचं, धबधब्याचं, ओढ्याचं पाणी सुरांत आणायचं म्हणून एका तरुणानं हे लिहिलं. सव्वाशे वर्षं लोकांनी ते बंद सभागृहांत, कोरड्या गाद्यांवर बसून ऐकलं. पाण्याचं संगीत, पण पाणी कुठं नाही. आणि त्या रात्री आभाळातून पाणी आपण होऊन आलं आणि त्या सुरांत मिसळलं. वादकानं हात काढून घेतला नाही.

आणखी एक गोष्ट सापडली. राव्हेलनं रचनेच्या डोक्यावर एका कवीची ओळ लिहून ठेवलीय. पाण्यानं गुदगुल्या केल्या म्हणून हसणारा नदीचा देव, असा तिचा अर्थ. सेनच्या काठावर, आभाळ असं कोसळत असताना, तो देव हसलाच असणार. मला हे अगदी मनापासून वाटतं.

पुढच्या काही दिवसांत मी ती रचना अनेकदा ऐकली. पुरी रचना पाच-सहा मिनिटांची. मध्ये एका जागी काळ्या पट्ट्यांवरून बोट सरकत जातं आणि सूर घरंगळत थेट तळाला पोचतात, पियानोच्या सगळ्यात खालच्या सुरापर्यंत. विहिरीत बादली सोडल्यावर रहाट फिरतो आणि मग खाली पाण्याचा आवाज येतो, तसं मला तिथं होतं. हे शास्त्राला धरून आहे की नाही ते जाणकार सांगतील. मी जे ऐकलं ते हे.

पण त्या रात्री माझं लक्ष पडद्यावर जेवढं होतं तेवढंच आप्पांवर होतं. त्यांना काय दिसत होतं ते मला माहीत होतं. मी तिथं होतो.

मी सहावीत असेन. आषाढात शेगावची पालखी सोलापुरात मुक्कामाला येते, त्या रात्री आमच्या पेठेतल्या मंडळाचं भजन असायचं. रस्त्याकडेला मांडव, मांडव म्हणजे चार बांबू आणि वर कापड. पेटीवर आप्पा. त्या वर्षी आषाढ कोरडा चालला होता. पेरलेलं वर आलं नव्हतं, गावाकडून काकांची पत्रं येत होती, त्यात बैल विकायच्या गोष्टी होत्या. दहाच्या सुमाराला रूपाचा अभंग झाला, मग गजर सुरू झाला, आणि गजर चढत असतानाच पाऊस आला. आधी वास, मग वारा, मग एकदम सरी. मांडवाचं कापड दोन मिनिटांत पोटासारखं खाली आलं आणि त्यातून पाणी थेट गाणाऱ्यांवर.

पखवाजवाल्यानं पखवाज उचलला आणि समोरच्या दुकानाच्या फळीखाली पळाला. त्याचंही बरोबर होतं, शाई भिजली की पखवाज गेला. पण समोर बसलेले वारकरी उठेनात. उलट उभे राहिले आणि टाळ जोरात वाजायला लागले. काही बायका रडत होत्या, त्यांचे चेहरे पावसानं आणि आनंदानं ओले झाले होते. आता पेटी बंद झाली असती तर गजर तुटला असता.

आप्पांनी खांद्यावरची चादर काढली. आपली जाडजूड चादर, त्यांनी स्वतः मागावर काढलेली, लाल-काळ्या चौकटीची. ती पेटीवर टाकली आणि दोन्ही हात चादरीच्या आत घातले. डावा भात्यावर, उजवा स्वरांवर. स्वर दिसत नव्हते, हातही दिसत नव्हते. एक चादर तेवढी श्वास घेतल्यासारखी वरखाली होत होती आणि तिच्यातून सूर येत होते. आप्पा डोक्यापासून पायापर्यंत भिजलेले. मी चादरीचं टोक धरून उभा होतो, ते ओढून धरायचं काम मला दिलेलं होतं. ओल्या चादरीचं वजन किती असतं ते मला त्या रात्री कळलं. अर्धा तास चाललं ते. नंतर मी आयुष्यात चांगली चांगली गाणी ऐकली, हुतात्मा स्मृती मंदिरात मोठमोठ्यांच्या मैफली ऐकल्या, पण अंगावर काटा म्हणजे काय हे मला त्या अर्ध्या तासानं शिकवलं.

पेटीचं नुकसान झालंच. चादर जाड असली तरी पाऊस त्याहून जाड होता. लाकूड फुगलं, तीन पट्ट्या अडकल्या, आणि कोमल निषाद तर दाबल्याशिवायच वाजत राहायला लागला. भाता हलवला की त्याचा एकट्याचा आवाज. आई म्हणाली, रडतंय जणू. दुरुस्ती झाली तरी तो स्वर शेवटपर्यंत थोडा धापा टाकतच राहिला. पण आप्पांनी त्याबद्दल कधी हळहळ केली नाही, आणि त्या रात्रीबद्दल कधी बोललेही नाहीत. काही वर्षांनी मिल बंद पडली, तेव्हाही ते फारसं बोलले नव्हते. पुढं दुसऱ्यांच्या मागांवर काम केलं, संध्याकाळी पेटी वाजवली. झटका आल्यावर पेटी कपाटावर गेली.

ही पेटीसुद्धा मूळची पॅरिसचीच, हे मी नंतर वाचलं. १८४० च्या सुमाराला दबँ नावाच्या पॅरिसच्या कारागिरानं हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ती पायानं चालवायची, खुर्चीवर बसून. १८७५ च्या सुमाराला कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी तिची हातपेटी केली आणि ती मांडी घालून बसणाऱ्यांची झाली. आमच्या चादरीवर नक्षी काढणारं जकार्डही फ्रान्सचंच, लियाँ गावचं. आप्पांचे दोन्ही हात जन्मभर ज्या दोन यंत्रांवर चालले ती दोन्ही तिकडून निघालेली. हे त्यांना सांगितलं तर म्हणाले, "आसंल. पण भजन तिकडचं न्हाई."

तर त्या रात्री. वादन संपलं, पडद्यावर पुन्हा बोटी आल्या. आप्पांनी विचारलं, "ती पेटी कुणाची?"

"कुणाची म्हणजे?"

"त्याची सोताची का भाड्याची?"

मला सांगता येईना. मुलीनं मोबाईलवर बघायचा प्रयत्न केला.

"सोताची असंल तर छाती पायजे," आप्पा म्हणाले. "भाड्याची असंल तर त्याहून जास्त पायजे. लोकाची वस्तू."

मग बराच वेळ ते गप्प होते. पडद्यावर रंग, नाच, घोडा, मशाली. शेवटी, आपल्याकडं तीनच्या सुमाराला, आयफेल टॉवरवर सेलिन डिऑन उभी राहिली. शरीर कडक होत जाणाऱ्या दुर्मीळ आजारानं तिला काही वर्षं गाण्यापासून लांब ठेवलं होतं, आणि ती तिथं, त्या उंचीवर, पूर्ण गळ्यानं गायली. दुसऱ्या दिवशी सगळं जग तिच्याबद्दल बोललं, आणि ते योग्यच होतं. माझ्या बायकोचे डोळे भरून आले होते. तिथंही एक पियानो होता आणि त्यावरही थेंब होते. आप्पा गाणाऱ्या बाईकडं बघतच नव्हते. ते त्या थेंबांकडं बघत होते.

गाणं संपायला आणि खाली नळानं फुस्स करायला एकच गाठ पडली. बायको आणि मी धावलो. टाकी, ड्रम, हंडे, घागरी, शेवटी पातेलीसुद्धा. गल्लीत सगळीकडं पाणी ओढणाऱ्या मोटारींची घरघर. धार चांगली होती त्या दिवशी. पाऊण तासानं ओल्या पायांनी वर आलो तर टीव्ही बंद होता आणि दोघं तशीच बसली होती. मुलीनं पियानोचा तो तुकडा मोबाईलवर पुन्हा लावला होता, आवाज बारीक करून.

"आज्जा काय म्हणतायत बघा," ती म्हणाली. "ती भजनाची पेटी कशी वाळवली ते सांगतायत."

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होतो की पेटी दुरुस्तीवाल्याकडं गेली आणि झाली.

"दुरुस्तीवाला नंतर," आप्पा म्हणाले. "आदी मिलमदी नेली. सायझिंग खात्यात, सुताला खळ लावतेत तितं. तितं वाफेचे ड्रम असतेत, सूत वाळवायचे. त्येच्या जवळ न्हाई ठेवायची, लांब, भिंतीला. दोन रात्री ठेवली. तितला जॉबर, म्हंजे मुकादम, वळखीचा हुता. हळूहळू वाळाय पायजे. उनात ठेवली की लाकूड फाटतंय, मंग सूर परत येत न्हाई."

"रात्रपाळीत?"

"मंग. मधून मधून जाऊन बघायचो. हात लावून बघायचो, आजून गार हाय का."

मी तो माणूस डोळ्यांपुढं आणला. चाळिशीचा, अंगात बनियन, अंगभर सुताची पांढरी रुई, वाफेनं कोंदलेल्या खात्यात भिंतीशी वाकलेला, एका लाकडी खोक्याला तळहात लावून उभा. मागं ड्रम फिरतायत. आम्ही तेव्हा घरी झोपलेलो.

मुलीनं विचारलं, "आज्जा, आणि त्या माणसाची पेटी? ती कुठं वाळवली असेल?"

आप्पांनी विचार केला. खरोखर विचार केला, भुवया जवळ आणून.

"वाळवायचं नंतर बे. आदी पुसायची. वाजवून झालं की लगेच, तितंच, पाणी आत मुरायच्या आदी. पुसली आसंल का त्येनी?"

"पुसली असेल की कोणीतरी."

"टॉवेल कसला हुता त्येंच्याकडं?" आप्पा म्हणाले. "टेरी पायजे. साधा पंचा पाणी वडत न्हाई."

मी हात पुसत होतो. माझ्या हातातला टॉवेल त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी डाव्या हाताच्या अंगठ्यानं त्याची लव उलटी फिरवून बघितली आणि मान हलवली.